अक्कांच्या आंबोळ्या

गडहिंग्लज भागातल्या पंगतीत ‘नको’ हा जेवणातलाच एक पदार्थ असतो. पहिला नको म्हणजे पाहुणा चांगल्या घरचा आहे. दुसरा नको म्हणजे अर्धी पळी वाढा. तिसऱ्या वेळी ताटावर हात आडवा धरला, तर वाढणारी बाई बोटांच्या फटीतून रस्सा सोडते आणि सगळी पंगत खूश होते. यात कुणाच्या मनात वाईट काही नसतं. उलट ज्या घरी पहिल्याच नकोला पळी मागं जाते, त्या घराबद्दल परतीच्या वाटेवर बोललं जातं.

भैरवीला लग्नानंतर पहिल्यांदा याची गंमत वाटली होती. ती कोल्हापूर शहरातली. आईवडील दोघंही शिक्षक, घरात कुणी आवाज चढवलेला तिला आठवत नव्हता. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून ती माती तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत लागली होती, आणि तिथली शांतता तिला मानवत होती. नवरा यशराज शहरातच शेतीपंपांचं दुकान चालवायचा. सासूबाई, म्हणजे शालूबाई, त्यांच्याजवळच राहत. पण सणावाराला सगळ्यांनी नेसरीच्या पुढं असलेल्या गावच्या घरी जायचं हे ठरलेलं. त्या घरात शालूबाईंची थोरली बहीण झुंबरबाई राहायची. दोघी सख्ख्या बहिणी एकाच घरात सख्ख्या जावा म्हणून दिलेल्या. झुंबरबाईंना सगळं गाव अक्का म्हणायचं. अक्का परसात बोलल्या की वेशीतल्या माणसाला कळायचं आज त्यांच्याकडं काय शिजलंय.

अक्कांच्या नातवाच्या बारशाला ती गोष्ट घडली. भैरवीची मुलगी जिजा तेव्हा साडेतीन वर्षांची होती. जिजाला शेंगदाणा चालत नाही हे घरात माहीत होतं. वर्षभरापूर्वी लाडवाच्या तुकड्यानं तिच्या अंगावर गांधी उठल्या होत्या आणि डॉक्टरांनी रक्त तपासून दाण्याला सक्त मनाई केली होती. बारशाच्या पंगतीत अक्का चटणीचं भांडं घेऊन आल्या. भैरवी हसून म्हणाली, “नको हं अक्का, तिला दाणा चालत नाही.”

“आगं लाजतीस काय? सोताला पायजे तर लेकीचं नाव कशाला घेतीस!” असं म्हणत अक्कांनी भैरवीच्या ताटात चटणी घातली, आणि त्याच बोटानं, लाडानं, जिजाच्या जिभेवर ठिपका दिला.

भैरवीनं पदरानं तिची जीभ पुसली, तोवर उशीर झाला होता. आधी जिजाचे ओठ सुजले. मग ती खोकायला लागली, आणि खोकता खोकता तिचा आवाज म्हाताऱ्या माणसासारखा घोगरा झाला. गडहिंग्लजच्या दवाखान्यात पोचेपर्यंत यशराजनं गाडी कशी चालवली ते त्याला नंतर सांगता आलं नाही. मांडीत इंजेक्शन बसल्यावर जिजानं मोठ्यानं रडायला सुरुवात केली, तेव्हा भैरवी दवाखान्याच्या फरशीवर खाली बसली. मूल रडतंय म्हणजे हवा आत जातेय, एवढंच तिला कळत होतं.

घरी आल्यावर शालूबाईंनी मीठमिरच्यांनी दृष्ट काढली. अक्कांनी फोनवर उष्णतेचं निदान केलं आणि सब्जा भिजत घालायला सांगितला. भैरवी रडत म्हणाली, “मी नको म्हटलं होतं, आई. मी सांगितलं होतं त्यांना.”

शालूबाई खरोखरच गोंधळल्या. “कवा म्हणालीस? तू तर हसत हुतीस की.”

हे वाक्य भैरवीच्या डोक्यात रुतून बसलं. ती मनात ते पुन्हा पुन्हा वाजवून बघायची आणि दर वेळी तिला स्वतःचा हसरा चेहरा दिसायचा.

त्यानंतर तिची भीती पसरत गेली. तिनं जिजाला बालवाडीतून काढलं. बागेत मुलांच्या हातात चिक्की दिसली की ती जिजाला उचलून घरी पळायची. शेजारच्या वहिनींनी जिजाचा गाल कुरवाळला की त्यांची पाठ वळताच ती गाल धुवायची. आणि तरीही त्याच वहिनींनी वाटीभर उसळ आणून दिली, तेव्हा ‘आमच्याकडं दाण्याचं काही देऊ नका’ एवढं वाक्य तिच्या तोंडून निघालं नाही. वाटी तिनं हसून घेतली, दार लावलं आणि उसळ पिशवीत बांधून कचऱ्यात टाकली. रिकामी वाटी मात्र चार वेळा घासली.

जिजाच्या डॉक्टरांनीच तिला राजारामपुरीतल्या विमला मॅडमकडं पाठवलं. मानसोपचाराची खोली म्हणजे काय याबद्दल भैरवीच्या मनात जे चित्र होतं त्यात विमला मॅडम बसत नव्हत्या. साठीच्या, जाड काचांचा चष्मा लावणाऱ्या, मूळच्या निपाणीच्या. भैरवीनं सगळं सांगून संपवलं तेव्हा त्यांनी पंखा कमी केला आणि म्हणाल्या, “तुमच्याकडं दोन भीती आहेत. तुम्ही त्या एकाच डब्यात भरल्यात. एक दाण्याची. ती खरी आहे, ती मी काढणार नाही. ती तुम्हाला उपयोगी आहे. दुसरी वाढणाऱ्या माणसाची. ती किती खरी आहे, ते आपण तपासू. तपासणं तुमच्या सवयीचं आहे ना?”

“हो.”

“मग सांगा. अक्कांना तुम्ही न हसता नाही म्हणालात. पुढं काय होईल?”

“त्या रागावतील.”

“रागावल्या. मग?”

“बोलणं बंद करतील.”

“केलं. मग?”

“सासूबाई दुखावतील. यशराज म्हणेल, तुझ्यामुळं घर तुटलं. सगळे म्हणतील, शहरातली सून, शिष्ट.”

“म्हटले. मग?”

“मग... मी एकटी पडेन.”

“अक्का बोलणं बंद करतील याची खात्री किती वाटते? शंभरात.”

“नव्वद.”

“ठीक आहे,” मॅडम म्हणाल्या. “तसं होणारच नाही, असं मी म्हणत नाही. अशा चार अक्का माझ्याही माहेरी आहेत. पण झालंच, तर त्यानंतरच्या पाच मिनिटांत तुम्ही कुठं उभ्या असाल, हे तुम्ही कधी बघितलेलं नाही. तुम्ही दर वेळी त्याच्या आधीच हसून मोकळ्या होता.”

पहिला गृहपाठ भाजीवालीचा होता. तिनं जास्तीचं काही गळ्यात मारलं तर न हसता, कारण न देता, एकदाच नको म्हणायचं. भैरवी कपिलतीर्थाच्या मंडईत गेली आणि दोन किलो वांगी घेऊन परत आली.

“काय झालं?” मॅडमनी विचारलं.

“मी नको म्हटलं. ती म्हणाली, ‘जवारी हायत वयनी, गावठी, काटं बगा की.’ मग मी काटे बघितले.”

विमला मॅडम चष्मा काढून हसल्या. भैरवीलाही हसू आलं, आणि ते खरं हसू होतं. मग मॅडमनी तिला आरशासमोर बसवलं आणि स्वतः अक्का झाल्या. कमरेवर हात ठेवून त्यांनी असा काही सूर लावला, की बाहेर बसलेल्या माणसांनी दाराकडं पाहिलं असणार. “खा की गं! काय हुतंय खाल्लं तर? आमी काय परकं हाय व्हय?” भैरवीला आरशात दिसलं, की मॅडमचं वाक्य संपायच्या आतच आपल्या गालांचे स्नायू वर चढायला लागतात. ते तिच्या परवानगीची वाट बघत नाहीत. भीती वाटली, की हसू. इतकी साधी प्रतिक्रिया होती ती, आणि इतकी वर्षं तिच्या ध्यानात आली नव्हती.

“आवाज चढवायची गरज नाही,” मॅडम म्हणाल्या. “तो तुमचा नाहीच. फक्त हा चेहरा तुमच्या शब्दांच्या विरुद्ध साक्ष देतोय, ते थांबवायचं. काय झालं ते सांगा. तुम्हाला काय वाटतं ते सांगा. तुम्हाला काय हवं ते सांगा. समोरचा वाद घालायला लागला की नवीन कारण शोधायचं नाही. तेच वाक्य परत.”

पुढच्या खेपेला भाजीवालीला ती न हसता नको म्हणाली. भाजीवाली म्हणाली, “बरं, ऱ्हाऊ दे,” आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळली. भैरवी काही क्षण तिथंच उभी राहिली. ज्या कड्यावरून पडायची ती तयारी करून आली होती, तो एका पायरीएवढाही नव्हता.

हळूहळू जिजा बालवाडीत परत गेली. बाईंना भैरवीनं स्वतः समजावलं. शेजारच्या वहिनींनाही सांगितलं. त्यांना वाईट वाटलं आणि आठवडाभरानं ते विसरलंही गेलं. पण अक्का हे प्रकरण वेगळं होतं, आणि एप्रिलात गावची म्हाई आली.

म्हाई म्हणजे त्या भागातली जत्रा. त्या दिवशी प्रत्येक घरात मटणाची पातेली चढतात, दारं उघडी राहतात, आणि गावात आलेला माणूस ओळखीचा असो नसो, चार घरी जेवल्याशिवाय सुटत नाही. बारशानंतर जिजा गावाला गेलीच नव्हती. शालूबाईंनी या वेळी हट्ट धरला. भैरवीनं ठरवलं होतं, की आधी अक्कांना स्वतः फोन करायचा. वाक्यं तयार होती. दोन दिवस ती फोन हातात घेत होती आणि ठेवत होती. तिसऱ्या दिवशी यशराज म्हणाला, “मी बोललोय अक्काशी. कूट घालू नको म्हणून सांगितलंय. तू नको टेन्शन घेऊस.”

तिला एवढं हलकं वाटलं, की तिथंच तिनं सावध व्हायला हवं होतं.

निघायच्या सकाळी तिनं जिजासाठी डबा भरला. शालूबाईंनी तो पिशवीत पाहिला.

“ह्ये काय? म्हाईला जेवान घेऊन निगालीस?”

“आई, मला भीती वाटते. तिच्यासाठी घरचं असलेलं—”

“आन अक्काचं घर काय हाटेल हाय? चार दिस झालं ती फोनवर सांगतीया, पोरीसाटी येगळं करतो म्हनून. तिच्या दारात डबा उघडलास तर माझी भन जल्मात तोंड बघायची न्हाय माझं.” बोलता बोलता त्यांनी डबा काढून ओट्यावर ठेवला. भांडण म्हणून नव्हे, घरातली वस्तू जागेवर ठेवावी तसा.

भैरवीनं तोंड उघडलं, आणि तिच्या गालांनी ते काम आधीच केलं. ती हसली. डबा ओट्यावर राहिला. पिशवीत डॉक्टरांनी कायम जवळ ठेवायला सांगितलेल्या इंजेक्शनच्या दोन कुप्या आणि सिरिंज होती, तेवढी तिनं पुन्हा हात लावून पाहिली. सगळ्या वाटेवर तिला तो डबा दिसत होता. जिजा खिडकीतून ऊस मोजत होती, आणि ‘अठरा’नंतर दर वेळी ‘वीस’ म्हणत होती.

गावात पोचले तेव्हा गल्लीभर मसाल्याचा वास होता. सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीवर, पंगत बसलेली. अक्कांचे मालक हंबीरराव दारातच पाहुण्यांना ओढून आत घेत होते. चुलीवर पातेलं रटरटत होतं. अक्कांनी जिजाला उचलून घेतलं आणि कडेवरच घट्ट धरलं.

“कुठं हुतीस गं सटवे? वरीस झालं की! आज्जीला इसरलीस व्हय?”

जिजानं त्यांच्या नथीला हात लावला. अक्कांचे डोळे भरून आले. भैरवीनं ते पाहिलं, आणि तिची भीती आणखी घट्ट झाली. खाष्ट माणसाला नाही म्हणणं तरी सोपं असतं.

सगळ्यांना पाटावर बसवून अक्का स्वयंपाकघरातून एक वेगळं ताट घेऊन आल्या. झाकण काढलं. पांढऱ्याशुभ्र, जाळीदार आंबोळ्या. वरून चकचकीत.

“ह्ये माझ्या पोरीचं,” त्या सगळ्या सोप्याला ऐकू जाईल असं म्हणाल्या. “तांदूळ आन उडीद. मी सोता वाटल्यात. कुटाचा कण न्हाय. मिक्सरबी लावला न्हाय, त्यात कूट केल्तं म्हनून. पाट्यावर वाटलं!”

भैरवीला वाटलं, उठून त्यांच्या पाया पडावं. आणि तेवढ्यात तिला वास आला. गरम, भरीव, कच्च्या शेंगा दाढेखाली आल्यावर येतो तसा. आंबोळीवरची ती चकाकी.

“अक्का,” ती म्हणाली, “तेल कुठलं आहे?”

अक्का फुलून आल्या. ह्याच प्रश्नाची त्या वाट बघत होत्या. “घरचं! आमच्याच शेंगांचं. तुझ्या मामंजींनी लाकडी घाण्यावर हुबं ऱ्हाऊन काडून आनलंय. पोरीच्या तोंडात बाजारचं पिशवीतलं कशाला घालू मी?”

बाजारच्या तेलाला कारखान्यात इतकं तापवतात, धुतात आणि गाळतात, की त्यात दाण्याचं प्रथिन जवळजवळ राहत नाही. घाण्याच्या तेलात ते राहतं. अक्कांनी जगातलं उत्तमातलं उत्तम शोधून आणलं होतं, आणि ते जिजासाठी सगळ्यात धोक्याचं होतं. फोनवर यशराजनं फक्त कूट सांगितलं होतं. अक्कांनी ते अक्षरशः पाळलं होतं.

पंगतीतले सगळे चेहरे भैरवीकडं होते, कौतुक ऐकायला उत्सुक. तिला गाल वर चढताना जाणवले. आरशात दिसायचे तसेच, आपले आपण. शेजारी जिजानं आंबोळीचा तुकडा तोडला होता.

भैरवीनं तिचं मनगट धरलं. “जिजा, थांब. खाली ठेव. हात माझ्याकडं दे.” पदर ओला करून तिनं जिजाची बोटं एकेक पुसली, आणि तेवढ्या वेळात आपला चेहरा खाली आणला. मग वर बघितलं.

“अक्का, हे जिजा खाणार नाही.”

“आं?” अक्कांना खरंच कळलं नाही. “लाजतीया व्हय? खा की गं माझे बाय—”

“तेल शेंगांचं आहे. गेल्या वर्षी तिचा श्वास बंद व्हायला आला होता. मला भीती वाटते. हे ती खाणार नाही.”

“आगं, तेलात दाना कुटं आसतोय? गाळून घेटलंय की! बग, काय तरी दिसतंय का त्यात?”

“डोळ्यांना दिसत नाही. पण असतं त्यात. हे ती खाणार नाही.”

पलीकडून हंबीरराव मोठ्यानं म्हणाले, “आरं, माज्या आज्ज्यानं शेंगांवर जल्म काडला! नव्वदी गाठून गेलं म्हातारं, त्येबी बांधावरनं पडून!” पंगत हसली. कुणीतरी म्हणालं, “शेरात तांब्याभर पानीबी तपासून पित्यात म्हनं.” पुन्हा हशा. शालूबाईंनी भैरवीचा पदर मागून ओढला. “भैरवी, येक घास. तिचा मान म्हनून. मग मी काडून घेतो ताट.”

एक घास. यशराज आपल्या ताटात बघत होता. भैरवीला वाटलं, आता आपण उलटी करू, किंवा रडू, किंवा ताट ढकलून देऊ. यातलं काहीही केलं असतं तर सोपं गेलं असतं. सगळ्यांना समजलं असतं. पण वाक्य तेवढंच होतं, आणि तिच्याकडं दुसरं नव्हतं.

“हे ती खाणार नाही,” ती म्हणाली. आवाज शेवटच्या पाटापर्यंत गेला. हशा मध्येच थांबला.

अक्कांनी ताट उचललं. त्यांचा चेहरा असा झाला होता, की भैरवीला तो बघवेना, पण तिनं नजर काढली नाही.

“म्हंजे माज्या हातात इख हाय म्हन की,” अक्का हळू म्हणाल्या. अक्कांना हळू बोलताना त्या घरानं कधी ऐकलं नसावं. त्या वळल्या, ताट फडताळात ठेवलं आणि चुलीकडं तोंड करून बसल्या. पाठ भैरवीकडं.

झालं. जे होईल म्हणून ती भीत होती ते होऊन गेलं होतं. पंगतीत फक्त भुरके ऐकू येत होते, तेही दबकत. शालूबाई डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या. पण भैरवी अजून तिथंच बसली होती. जिजाचे ओठ लहान, गुलाबी, कोरडे होते. जिजा म्हणाली, “आई, मला भूक लागली.”

काय हवं ते सांगायचं अजून राहिलं होतं. तो भाग तिनं मॅडमसमोर कधी नीट केलाच नव्हता. नाही म्हणण्यातच तिचा सगळा श्वास संपायचा.

ती उठून चुलीजवळ गेली. “अक्का, मला एक पातेलं हवंय. ते मी परत घासून घेईन. आणि मूठभर तांदूळ. भात मी करते.”

अक्का चुलीशी बोलल्या. “आयका. म्हाईच्या दिवशी माज्या दारात पोरगी आजाऱ्यावानी भात खानार. आन त्योबी पावनी शिजवनार.” फडताळातून एक पातेलं काढून त्यांनी जमिनीवर आदळलं.

भैरवी ते उचलायला वाकली, तेवढ्यात मागून यशराजचा हात आला. तो पंगतीतून उठून आला होता, खरकट्या हातानं, अर्धं ताट टाकून.

“मी घासतो,” तो म्हणाला.

“आरं, आरं!” हंबीरराव ओरडले. “भरल्या पंगतीतनं उठतंय व्हय कोन? पावनं काय म्हनत्याल!”

“म्हणू देत, तात्या. फोनवर मी अर्धंच सांगितलं हुतं. चूक माझी हाय.” असं म्हणत तो परसातल्या मोरीवर जाऊन बसला. आधी त्यानं हात धुतले, मग नवीन काथ्या मागून पातेलं घासू लागला. भैरवी दारात उभी राहून सांगत होती: परत घास. आतून पण. कडेला पण.

ती पातेलं घेऊन आत आली, तेव्हा अक्का जागेवरून हलल्या नव्हत्या. पण चुलीचा एक कोपरा मोकळा झाला होता, आणि तिथं निखारे पुढं ओढलेले होते. शेजारी ताटलीत निवडलेले तांदूळ होते.

अक्कांनी भैरवीकडं बघितलं नाही. त्या जिजाला म्हणाल्या, “तुज्या आईला सांग, घनसाळ हाय. आजऱ्याचा.”

“आई, घनसाळ हाय,” जिजा म्हणाली.

“चालतो,” भैरवी म्हणाली.

“तिला इचार, ह्ये तांदूळ धुवून घालू का दोनदा?”

“दोनदा धुवा. मी धुतले तरी चालेल.”

“तिला सांग, मला तांदूळ धुवायला येत्यात.”

जिजानं तेही सांगितलं. पंगतीत कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच थांबलं. अक्कांनी आधी हात साबणानं धुतले, कोपरापर्यंत, मग पदराला न पुसता तसेच ओले ठेवून तांदूळ धुतले. भात शिजेपर्यंत दोघी चुलीच्या दोन बाजूंना बसल्या. कुणी कुणाशी बोललं नाही. भैरवीला हे मौन ओळखीचं वाटत होतं. वर्षभर तिनं मनात त्याची भीती बाळगली होती. आता ते समोर बसलं होतं, धुरानं त्याचे डोळे लाल झाले होते, आणि ते मधूनमधून फुंकणीनं जाळ घालत होतं.

“तिला इचार, दूध?”

“चालतं.”

“म्हशीचं हाय म्हनाव.”

“चालतं, अक्का.”

“मीठ? का त्येबी न्हाय?”

“मीठ चालतं.”

भात झाला. अक्कांनी तो नव्या वाटीत काढला, दूध घातलं, आणि वाटी जिजाच्या पुढं नेता नेता त्यांचा हात थांबला. वाटी त्यांनी तशीच धरून ठेवली. आता पहिल्यांदा त्यांनी भैरवीकडं पाहिलं. त्या नजरेत राग होता, तो गेलेला नव्हता. पण त्याच्या खाली दुसरं काहीतरी होतं, आणि भैरवीनं ते ताबडतोब ओळखलं, कारण ते तिच्या रोजच्या सोबतीचं होतं.

“चमचा?” अक्का म्हणाल्या. “ह्यो चमचा मगाशी कुटं हुता, मला याद न्हाय.”

“हातानं खाईल ती,” भैरवी म्हणाली.

तिनं जिजाचे हात पुन्हा धुतले. जिजानं बोटांनी भात कालवला आणि पहिला घास घेतला. मग दुसरा. दूध तिच्या हनुवटीवर ओघळलं. पंगत पुन्हा बोलू लागली होती, हंबीरराव कुणाला तरी रस्सा वाढायला ओरडत होते, पण अक्का उठल्या नाहीत. त्या जिजाच्या समोर उकिडव्या बसल्या, हात गुडघ्यांवर ओले, आणि तिच्या ओठांकडं बघत राहिल्या.

“किती येळ बगायचं आसतंय?” त्यांनी विचारलं. हा प्रश्न जिजाला नव्हता.

“थोडा वेळ,” भैरवी म्हणाली. “मी बघते. तुम्ही वाढा जा.”

“ऱ्हाऊ दे,” अक्का म्हणाल्या आणि थोड्या पुढं सरकल्या.